वासाला नाव द्या

कसबा पेठेत वाढलेल्या माणसाला गजराचं घड्याळ लागत नाही, असं आमच्याकडे गमतीनं म्हणायचे. तांबट आळीत पहिला हातोडा पडला की दिवस उजाडला! मी लग्न होऊन १९७९ साली या घरात आले, तेव्हा पहिले पंधरा दिवस त्या ठणठणाटानं माझं डोकं उठायचं. सासूबाई म्हणाल्या होत्या, "होईल सवय. पुढं पुढं आवाज थांबला की जाग येईल." अगदी तसंच झालं.

२०१७च्या फेब्रुवारीतल्या एका शनिवारी मात्र आम्ही दोघं हातोडे सुरू व्हायच्या आधीच घराबाहेर पडलो. खांद्याला पिशवी, पिशवीत पाण्याची बाटली, उन्हाच्या टोप्या आणि सवयीनं करून घेतलेल्या दशम्या. कसबा गणपतीला बाहेरूनच हात जोडले. कोपऱ्यावर दूध घेऊन येणाऱ्या शेजारच्या वहिनी भेटल्या.

"आज एवढ्या सकाळी कुठं जोडीनं?"

"बारामतीकडं. सहल आहे," मी म्हणाले.

खोटं नव्हतं, पण पुरतं खरंही नव्हतं. साठीची निवृत्त शिक्षिका आणि तिचा पासष्टीचा, बँकेतून निवृत्त झालेला नवरा सकाळी साडेसहाला वाइन चाखायला निघालेत, हे ग्रामदैवताच्या दारात उभं राहून सांगायला जीभ रेटली नाही!

ही सहल ठरवली होती आमच्या लेकीनं. ती नोकरीनिमित्त बंगळूरला असते. आदल्या दिवाळीनंतर तिनं कुणाच्या तरी वाढदिवसाचा फोटो पाठवला. फोटोत तिच्या हातात उंच दांडीचा काचेचा पेला, आणि त्यात लाल काहीतरी. मी फोनवर विचारलं, "कोकम सरबत का गं?" ती म्हणाली, "नाही आई, वाइन." मी फोन ठेवून दिला. त्यानंतर तीन महिने आम्ही मायलेकी फक्त हवापाणी आणि भाजीचे भाव यांवर बोललो. हे तर त्या विषयावर एक अक्षर बोलले नाहीत.

शेवटी तीच म्हणाली, "आई, वाइन म्हणजे तुला वाटते तसली दारू नव्हे. एकदा बघून तरी ये. मग काय बोलायचं ते बोल." आणि तिनं परस्पर दोघांचे पैसे भरून टाकले. पुण्याहून मिनीबस, द्राक्षमळ्यात फेरफटका, वाइन कशी करतात ते दाखवणार, पाच प्रकार चाखायला देणार, जेवण, संध्याकाळी परत. मी नकोच म्हणत होते. नवल म्हणजे हे म्हणाले, "जाऊ या."

न उच्चारलेला शब्द

मला राग का आला, हे कळायला आमचं घर माहीत हवं. आमचा पिढीजात धंदा तांबटाचा. तांब्याच्या पत्र्यावर हातोडीनं एकसारखे ठोके देत जायचं, त्याला मठारकाम म्हणतात. बंब, घंगाळी, हंडे, कळशा या घरात घडल्या. ह्यांचे थोरले भाऊ, म्हणजे माझे भाऊजी, त्या कामात नावाजलेले. हे धाकटे. शिकले, बँकेत लागले. भाऊजी ऐरणीपाशी राहिले. मग घराघरात स्टेनलेस स्टील आलं, गॅसचे गिझर आले. बंबाची गरज संपली, तांब्याच्या हंड्यांची मोड झाली. काम घटत गेलं, आणि भाऊजींचे हात रिकामे राहू लागले. ते हात मग दुसरीकडं वळले.

हातभट्टीची असायची. संध्याकाळी कुणीतरी त्यांना धरून आणून सोडायचं. सासूबाई माळकरी. आषाढात पालख्या पुण्यात आल्या की नाना पेठेत निवडुंग्या विठोबापाशी वारकऱ्यांसाठी डबाभर लाडू घेऊन जायच्या. त्यांनी आयुष्यात 'दारू' हा शब्द घरात उच्चारला नाही, कुणाला उच्चारू दिला नाही. "त्याला आज बरं नाही," एवढंच. शेजारीपाजारी विचारायचे, आम्ही तेच सांगायचो. १९८९ साली भाऊजी गेले, वय शेहेचाळीस. डॉक्टरांनी यकृत निकामी झाल्याचं लिहून दिलं. नातेवाइकांना आम्ही सांगितलं, काविळीनं गेले. माझी मुलगी तेव्हा पाच वर्षांची. तिलाही तेच सांगितलं, आणि पुढंही तेच राहिलं.

गंमत पाहा, याच घरात फडताळात द्राक्षासवाची बाटली कायम असायची. माझ्या बाळंतपणात सासूबाईंनी स्वतःच्या हातानं दशमूलारिष्ट पाजलं मला. धायटीची फुलं घालून आंबवलेली ही औषधं. त्यांत अल्कोहोल आपोआप तयार होतं, बाटलीवर तसं छापलेलंही असतं. पण त्याचं नाव औषध, म्हणून ते चालत होतं!

आणखी एक आठवण सांगून ठेवते. पूर्वी आमच्या बोळात कल्हईवाला यायचा. भाता लावून बसायचा. भांडं तापवून त्यात नवसागर टाकला की पांढरा, नाकात झोंबणारा धूर उठायचा, आणि मग कथलाचा बोळा फिरला की भांडं आतून चांदीसारखं. कल्हईवाला बसला की हे उठून खिडकी लावून घेत. तांबटाच्या घरातला माणूस आणि नवसागराला नाक मुरडतो! मला वाटे, बँकेत बसून नाजूक झालेत.

पालखीची वाट

बसमध्ये आम्ही सोडून सगळी तरुण जोडपी. एका मुलीनं आम्हाला खिडकीची जागा दिली. हडपसर मागं पडलं, लोणी काळभोर गेलं. उरुळी कांचन आलं तेव्हा हे म्हणाले, "इथं गांधीजींचा निसर्गोपचार आश्रम. १९४६चा." मी म्हटलं, "दारूबंदीवाल्या गांधीजींच्या दारावरूनच निघालोय की आपण!" हे हसले. त्यानंतर यवत. मग माझ्या लक्षात आलं. लोणी, यवत, वरवंड, पुढं पाटसवरून रोटीचा घाट, उंडवडी, बारामती... ही तर तुकोबांच्या पालखीची वाट! यवतला वारकऱ्यांना पिठलं-भाकरी मिळते, रोटीच्या घाटात रथाला जादा बैलजोड्या लावतात, हे सगळं सासूबाईंच्या तोंडून किती वेळा ऐकलेलं. त्यांची वारी जिथून गेली तिथूनच त्यांची सून वाइन प्यायला चालली होती. मी पिशवीतली दशमी काढली आणि मुकाट्यानं खायला लागले.

पाटसनंतर हमरस्ता सोडून बस बारामतीच्या रस्त्याला लागली. घाट चढून गेल्यावर रोटी गावाच्या शिवारात 'फोर सीझन्स'ची वाइनरी दिसली. माळरानावर फ्रान्समधल्या गढीसारखी इमारत, आणि समोर द्राक्षाच्या ओळीच ओळी.

आम्हाला सगळं दाखवायला पंचविशीची एक मुलगी होती. डोक्याला रुमाल, पायात मळ्यात चालायचे बूट. बोलणं थेट त्या भागातलं. "या काका, या काकू, सावलीतनं चला." तिनं वेलीवरचा एक घड हातात दिला. मणी करवंदाएवढे बारीक, काळेभोर. मी एक तोंडात टाकला. साल जाड, आत बिया, पण गोडी अशी की ओठ चिकटावेत.

"खायच्या द्राक्षाला साल पातळ लागते, बी नको असते. थॉमसन, तास-ए-गणेश, सोनाका... ती तुमची," ती सांगू लागली. "वाइनच्या द्राक्षाला साल आणि बीच महत्त्वाची. ही शिराझ. वाइनचा लाल रंग सालीतनं येतो, आतला रस पांढराच." पटेना म्हणून तिनं एक मणी चिरडून दाखवला. खरंच, रस पांढराच होता!

आपल्याकडं वेलीची छाटणी वर्षातून दोनदा होते. एप्रिलात खरड छाटणी, आणि पावसाळा सरताना फळासाठी गोडी छाटणी. युरोपात वेल थंडीत झोपते. इथं झोपायला थंडीच पुरेशी नाही, म्हणून कात्रीनं तिचं वर्ष ठरवायचं. तिकडं द्राक्षं उतरतात सप्टेंबरच्या सुमारास, इकडं जानेवारी ते मार्चमध्ये. ही पद्धत आपल्या नाशिक-सांगली-सोलापूरच्या बागाईतदारांच्या पूर्ण अंगवळणी पडलेली. पुणे जिल्ह्यातच नारायणगावला श्यामराव चौगुले यांनी १९८०च्या दशकात वाइनचा कारखाना काढला आणि इथली फेसाळती वाइन परदेशात पाठवली. पुढं २००१ साली राज्य सरकारनं द्राक्ष प्रक्रिया उद्योगाचं धोरण आणलं, विंचूर आणि पलूसला वाइन पार्क झाले. त्यानंतर हे मळे वाढत गेले.

हे मात्र पानांकडं पाहत होते. पानांवर निळसर पांढरे डाग. "मोरचूद का?" त्यांनी विचारलं.

मुलगी खूश झाली. "बरोबर काका! बोर्डो मिश्रण. मोरचूद आणि चुना. केवडा रोग पडू नये म्हणून मारतात. फ्रान्सच्या बोर्डो गावाचं नाव आहे त्याला."

"मोरचूद म्हणजे तांबंच," हे माझ्याकडं वळून म्हणाले. तांबं म्हटलं की ह्यांचा चेहरा बदलतो, तो तसा बदलला.

आत गेल्यावर मात्र दोन पुरुष उंचीच्या टाक्या, सगळ्या स्टेनलेस स्टीलच्या. हे त्या टाक्यांपुढं थांबले आणि बोटानं टक्‌ करून वाजवून म्हणाले, "इथंही स्टीलच." मी मनात म्हटलं, हे एकच वाक्य आमच्या घराचा इतिहास आहे.

काम तसं साधं आहे. द्राक्षं देठापासून सुटी करून चेचायची. पांढऱ्या वाइनसाठी रस लगेच सालीपासून वेगळा करायचा, लालसाठी सालींसकट आंबवायचा. यीस्ट साखर खातं, तिचं अल्कोहोल होतं आणि कर्ब वायू निघून जातो. पांढरी वाइन गार ठेवून सावकाश आंबवायची, नाहीतर वास उडून जातो. डोशाचं पीठ आंबवणाऱ्या बाईला यातलं काहीच अवघड वाटणार नाही. उन्हाळ्यात पीठ लवकर फसफसतं आणि आंबट होतं, ते तेच! एका बाटलीला साधारण सव्वा किलो द्राक्षं लागतात. तळघरात ओक लाकडाची पिंपं होती, एकेक सव्वादोनशे लिटरचं. गारवा, अंधार, आणि लाकडाचा, फळाचा, आंबूस असा मिसळलेला वास. आवाज एकाचाही नाही. देवळाच्या गाभाऱ्यात बोलतात तसं सगळे हळू बोलायला लागले.

नवसागर

मग चाखायची वेळ आली. लांब टेबल, प्रत्येकासमोर पाच पेले, आणि मध्ये एक भांडं. "हे कशाला?" मी विचारलं. "थुंकायला, काकू. चव घ्यायची आणि थुंकायचं. जाणकार लोक थुंकतात. दिवसाला पन्नास प्रकार चाखणारा माणूस गिळत बसला तर कसा उभा राहील?" पिकदाणी! मला एकदम हायसं वाटलं. इतका वेळ जो धोंडा छातीवर होता तो निम्मा उतरला.

पण तिनं पेल्यांना हात लावू दिला नाही. म्हणाली, "आधी एक खेळ. डोळे मिटा. लहानपणीचा एक वास आठवा, आणि त्याला नाव द्या. 'छान', 'घाण' असलं चालणार नाही. वाइनमध्ये निम्मी चव नाकाची असते, आणि नाकाला शब्द दिले नाहीत तर त्याला काही सापडत नाही. वासाला नाव द्या."

कुणी म्हणालं पहिला पाऊस, कुणी नव्या वह्या. आम्हाला खिडकी देणारी मुलगी म्हणाली, आजीच्या लुगड्यांच्या ट्रंकेतला कापूर. मी म्हणाले, शाळेतला खडू. सगळे हसले. ह्यांची पाळी आली. हे डोळे मिटून बसले होते, ते तसेच म्हणाले, "नवसागर."

शहरातल्या मुलांना तो शब्दच माहीत नव्हता. ती मुलगी मात्र थबकली. "काका, नवसागर म्हणजे... हातभट्टीत टाकतात तो?"

काळा गूळ आणि नवसागर. खेड्यात राहिलेल्या कुणालाही हे ठाऊक असतं. मला ठाऊक होतं, आणि तरी अडतीस वर्षांत माझ्या मनात त्या दोन नवसागरांची गाठ पडली नव्हती.

"कल्हईतला," हे म्हणाले. मग जरा थांबून, "दोन्हीकडचा."

तिनं पुढं काही विचारलं नाही. शहाणी पोर. "पहिला पेला घ्या. दांडीला धरा, हाताची ऊब लागू देऊ नका. गोल फिरवा. आता वास."

पहिली पांढरी. मला नुसती आंबट लागली. दुसरीत ती म्हणाली पेरूचा वास येतो का बघा, आणि आला! तिसरी गुलाबी. चौथी लाल शिराझ. घोट तोंडात फिरवला आणि जांभूळ खाल्ल्यावर जशी जीभ जड होते, तशी झाली. बाकीची मंडळी 'ड्राय' की काय असं शब्द शोधत होती. मी म्हटलं, "अहो, तुरट! षड्रसांतला सहावा रस." मुलगी म्हणाली, "काकू, हाच शब्द मी उद्यापासून वापरणार." शिक्षिकेला आणखी काय हवं! ती तुरट चव साल, बी आणि लाकूड यांच्यातल्या टॅनिनची. चहा फार उकळला की जी येते तीच.

मी पाचही वेळा थुंकले. ह्यांनी चार वेळा. पाचवा घोट त्यांनी गिळला. मी त्यांच्या गळ्याकडं पाहत होते. पासष्ट वर्षांत पहिल्यांदा. माझे हात गार पडले, खोटं कशाला सांगू? मला एकच भीती होती की त्यांना आवडेल.

त्यांनी पेला खाली ठेवला आणि कागदी रुमालावर पेननं काहीतरी लिहायला लागले. समोरचा एक तरुण म्हणत होता, "वाइन तर तब्येतीला चांगली असते. हृदयासाठी." १९९१ साली अमेरिकेतल्या एका दूरचित्रवाणी कार्यक्रमात फ्रेंच लोकांची हृदयं लाल वाइनमुळं ठणठणीत असतात असं सांगितलं गेलं, तेव्हापासून हे वाक्य जगभर फिरतंय. ह्यांनी रुमाल पुढं सरकवला. बँकेतला माणूस, हिशेब सुटत नाही. "हा पेला भरला तर दीडशे मिलिलिटर. बाटलीवर तेरा टक्के लिहिलंय. म्हणजे साडेएकोणीस मिलिलिटर अल्कोहोल. व्हिस्कीचा लहान पेग तीस मिलिलिटरचा, त्यात बेचाळीस पूर्णांक आठ टक्के. म्हणजे पावणेतेरा. एक पेला म्हणजे दीड पेग. मग ही दारू नाही कशी?"

टेबलाभोवती शांतता पसरली. मला वाटलं मुलगी आता चिडेल. ती म्हणाली, "काका, हिशेब बरोबर आहे. ही दारूच आहे. कायद्यात वाइनला एकवीस वर्षं पुरतात, व्हिस्कीला पंचवीस लागतात, एवढाच फरक. मी कुणाला औषध म्हणून विकत नाही. चव म्हणून सांगते."

जेवताना ती माझ्याशेजारी बसली. वडील माळकरी. पालखीला दरवर्षी घाटापर्यंत चालत जातात. "मी इथं लागले तेव्हा वर्षभर बोलले नाहीत माझ्याशी," ती म्हणाली.

"आणि आता?"

"आता संध्याकाळी विचारतात, आज माल किती टन आला? शेतकरी आहेत ना! पण पेल्याला हात लावणार नाहीत, आणि मीही कधी म्हणत नाही. मला ते बोलतात, एवढं पुष्कळ आहे."

मला तीन महिन्यांचे भाजीचे भाव आठवले.

परतीचा रस्ता

परतताना बस चौफुल्याला चहासाठी थांबली. तरुण मंडळी खाली उतरली. हे उतरले नाहीत. खिडकीबाहेर पाहत म्हणाले, "दादा त्या दिवशी प्यायलेला नव्हता."

कोणत्या दिवशी, हे मला माहीत नव्हतं. ते सांगू लागले. मी हे अडतीस वर्षांत पहिल्यांदा ऐकत होते.

ह्यांची कॉलेजची फी दादांनी मठारकामाच्या मजुरीतून भरली, हे मला माहीत होतं. १९८८ साली एका दुपारी दादा ह्यांच्या बँकेत आले. काउंटरपाशी गर्दी. दादांच्या कपड्यांना तो झोंबरा वास. लोक नाकाला रुमाल लावून बाजूला झाले. ह्यांना वाटलं, आजही पिऊन आलाय, चारचौघांत पैसे मागणार. ह्यांनी शिपायाला सांगितलं, "त्यांना बाहेर थांबायला सांगा." आणि स्वतः मागच्या दारानं निघून गेले. दादा बाकावर बँक बंद होईपर्यंत बसून होते म्हणे. नंतर ना त्यांनी विषय काढला, ना ह्यांनी.

पुढच्या वर्षी दादा गेले. दहाव्याच्या दिवशी घाटावर आळीतल्या एका कारखानदारानं सांगितलं, "गेल्या साली माझ्याकडं कल्हईच्या कामाला आला होता. महिनाभर अगदी नीट होता. पहिला पगार घेऊन तुमच्याच बँकेत गेला होता, खातं काढायला. धाकट्याच्या हातानं काढतो म्हणाला."

तो वास कल्हईच्या नवसागराचा होता.

"मला दोन वासांतला फरक कळायला हवा होता," हे म्हणाले. "तांबटाचा मुलगा मी."

मी काही बोलले नाही. काय बोलणार? दादांनी त्यानंतर पुन्हा प्यायला सुरुवात केली, ती त्या दुपारमुळंच असं कुणी म्हणू शकत नाही. त्या व्यसनाची मुळं खोल असतात, महिनाभर नीट राहिलेली माणसं पुन्हा घसरतात, हे आज डॉक्टर सांगतात. मी ते ह्यांना सांगितलंही, नंतर. पण त्या बसमध्ये मला एवढंच कळलं, की खिडकी का लावली जात होती. धुरासाठी नव्हे.

ते दोन घोट वाइनमुळं बोलले, असं कुणाला वाटेल. छे! गिळला तो एकच घोट. त्यांना बोलतं केलं त्या पोरीच्या खेळानं. आमच्या घरात इतकी वर्षं त्या वासाला कुणी नाव विचारलंच नव्हतं. "बरं नाही" आणि "कावीळ" यांच्या मागं दादा राहून गेले. ते काय प्यायचे, का प्यायचे, मधे एकदा कसे सावरले होते, यातलं काहीच आम्ही बोलू शकलो नाही. सासूबाईंना मी दोष देत नाही. घराची अब्रू झाकायला त्यांच्याकडं दुसरं पांघरूण नव्हतं. पण त्या पांघरुणाखाली एक माणूस गुदमरला, आणि एक त्याच्या बाजूला तीस वर्षं जागा राहिला.

त्या रात्री मी लेकीला फोन केला. म्हटलं, "बघून आले. चांगली माणसं आहेत, काम मेहनतीचं आहे, शिराझ तुरट लागते. पण बाई, ती दारूच आहे. तू तेहेतिशीची आहेस, प्यायची की नाही ते तू ठरव. मात्र तिला दारू म्हणून ठरव. आणि काका काविळीनं गेले नाहीत. बाबा सांगतील, ऐक."

मी फोन ह्यांच्या हातात दिला आणि स्वयंपाकघरात गेले. पाऊण तास बाप-लेक बोलत होते. मधे मला ह्यांचं रडू ऐकू आलं. मी गेले नाही.

त्यानंतर या विषयावर राज्यात पुष्कळ गदारोळ झाला. २७ जानेवारी २०२२ रोजी मंत्रिमंडळानं मोठ्या किराणा दुकानांतून वाइन विकायला मंजुरी दिली. एक बाजू म्हणाली, शेतकऱ्याच्या द्राक्षाला भाव मिळेल. दुसरी म्हणाली, डाळ-तांदळाशेजारी दारू आणून ठेवता! अण्णा हजारे उपोषणाला बसायला निघाले. टीव्हीवर "वाइन म्हणजे दारू नव्हे" असं कुणीसं ठासून सांगत होतं, तेव्हा ह्यांनी टेबलावरचं पेन उचललं आणि पुन्हा तोच साडेएकोणीसचा हिशेब वर्तमानपत्राच्या कडेला मांडला! जानेवारी २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनंही स्पष्ट सांगितलं, की मद्याचं सुरक्षित असं कोणतंही प्रमाण नाही. हृदयाच्या औषधाची गोष्ट तिथं संपली. दुसरीकडं जून २०१५ मध्ये मुंबईत मालवणीला विषारी दारूनं शंभराहून अधिक माणसं गेली. त्यांच्या हातात दांडीचे पेले नव्हते, त्यांच्यावर चर्चासत्रंही फारशी झाली नाहीत. त्यांच्या घरी नातेवाइकांना काय सांगितलं असेल, असं माझ्या मनात येतं.

लेक अजूनही कधीमधी वाइन घेते. आम्हाला सांगते, कधी सांगत नाही. मला ते आवडत नाही, हे मी तिला सांगते. पण आता भाजीचे भाव मात्र भाजीपुरतेच विचारतो. काकांचा एक फोटो तिनं माझ्याकडून मागून नेला. ऐरणीपाशी बसलेले, हातात हातोडी, समोर अर्धवट झालेला बंब.

कल्हईवाले आता बोळात क्वचितच येतात. गेल्या महिन्यात एक आला, सायकलला भाता बांधलेला. हे आतून उठले. मला वाटलं खिडकी लावायला. ते माळ्यावर चढले, सासूबाईंचं पितळी पातेलं काढलं, आणि खाली घेऊन गेले. मी वरून पाहत होते. नवसागराचा धूर उठला तसा बोळातली पोरं खोकत पळाली. हे तिथंच उभे होते, पातेलं पुरतं चकचकीत होईपर्यंत.